कंदीलपुष्पाचा कंद सांभाळताना : वनस्पती उद्यानातील लागवडीची पद्धत

सह्याद्रीच्या सड्यांवर आणि पठारांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवतातून डोकावणारे कंदीलपुष्प, म्हणजेच खरपुडी किंवा खरचुडी या नावांनी ओळखली जाणारी सेरोपेजिया, उद्यानात टिकत नाही असा एक सार्वत्रिक समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. योग्य मिश्रण आणि वेळेवर मिळणारे पाणी एवढ्यावर हे झाड चांगले वाढते, फुलते आणि थोडी मदत केल्यास शेंगाही धरते. अवघड असतात त्या दोनच गोष्टी : वर्षातील सहा-सात महिने, कुंडी पूर्ण रिकामी दिसत असताना, त्या कंदाला हात न लावता सांभाळणे, आणि तो कंद नेमका कोणत्या डोंगरावरच्या कोणत्या झाडाच्या बियांपासून आला, हे दहा वर्षांनंतरही सांगता येणे. पुढील मार्गदर्शन या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

या प्रजातीचे (म्हणजे अनेक जाती सामावणाऱ्या गटाचे) शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिले. ग्रीक भाषेतील मेण आणि कारंजे या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते तयार झाले आहे. मराठी नाव मात्र फुलाच्या आकाराला अधिक नेमके लागू पडते, कारण खाली फुगीर बूड, त्यावर अरुंद नळी आणि टोकाशी एकमेकींना जुळलेल्या पाच पाकळ्यांचा पिंजरा असे हे फूल खरोखरच टांगलेल्या कंदिलासारखे दिसते. भारतात या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती आढळतात आणि त्यांतील बहुसंख्य पश्चिम घाटात आहेत. काही जाती दूरवर पसरलेल्या आहेत, तर काहींचे अस्तित्व मोजक्या डोंगरांपुरते मर्यादित आहे : सेरोपेजिया लॉई हरिश्चंद्रगडासारख्या उंच डोंगरांवर, आणि सेरोपेजिया अंजनेरिका नाशिकजवळच्या अंजनेरीवर, जिथून तिची नवी जाती म्हणून नोंद २००६ मध्ये झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या प्रजातीच्या जतनाचे काम अनेक वर्षे चालू आहे. ज्या उद्यानांना हे काम नव्याने हाती घ्यायचे आहे, त्यांनी सेरोपेजिया हिरसुटा किंवा सेरोपेजिया बल्बोसा यांसारख्या तुलनेने सहज मिळणाऱ्या जातींवर दोन वर्षे हात बसवावा आणि त्यानंतरच दुर्मीळ जातीकडे वळावे. ज्याचे शंभर कंद जगात उरले असतील, त्याच्यावर प्रयोग करून शिकणे योग्य नाही.

आणण्यापूर्वी

या वनस्पतीचे अधिवास बहुधा वनजमिनीवर असतात, त्यामुळे संकलनासाठी वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक असते. जागा अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो, आणि जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये राज्य जैवविविधता मंडळाकडे कोणती पूर्तता करायची आहे, हेही आधीच विचारून घ्यावे. परवानगीला महिने लागू शकतात आणि शेंग पिकण्याचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा असतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये बी आणायचे असेल तर अर्ज उन्हाळ्यातच गेलेला असावा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोलणे हा केवळ उपचार समजू नये. कुठल्या धोंडीपाशी खरपुडी उगवते हे गुराख्यांना पक्के माहीत असते, कारण तिचा कंद ते लहानपणापासून खात आलेले असतात.

आणायचे ते बी, कंद नव्हे. कंद खणून आणला की त्या ठिकाणचे एक झाड कायमचे कमी होते, आणि ते नेमके शेंग धरणारे झाड असेल तर नुकसान अनेक पटींनी वाढते. याला अपवाद एकच : दगडखाणीसाठी, रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी तो कातळ खरवडला जाणार असल्याचे निश्चित असेल, तर कंद वाचवून आणणे हेच कर्तव्य ठरते. बियांच्या बाबतीत जगभरच्या बियाणे बँकांमध्ये पाळला जाणारा संकेत असा आहे की, त्या वर्षी एखाद्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या पक्व बियांपैकी २० टक्क्यांहून अधिक बी उचलू नये. एकाच झाडाच्या दोन भरगच्च शेंगा आणण्यापेक्षा दहा झाडांची थोडी थोडी बी आणणे केव्हाही चांगले, आणि प्रत्येक झाडाची बी स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवणे त्याहून महत्त्वाचे.

शेंगा जोडीने येतात आणि बकरीच्या शिंगांसारख्या एकमेकींपासून फाकलेल्या असतात. पिकल्यावर शेंग एका बाजूने उकलते आणि रुईच्या म्हातारीप्रमाणे पांढऱ्याशुभ्र रेशमी झुबक्याचे बी वाऱ्यावर निघून जाते. सकाळी पाहिलेली शेंग दुपारी रिकामी सापडते. म्हणून शेंग पूर्ण वाढली की तिच्यावर पातळ मलमलीची लहान पिशवी सैल बांधून ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा जावे. दुसरी खेप टाळण्यासाठी हिरवी शेंग तोडून आणण्याचा मोह होतो, परंतु तिच्यातील पांढरट, मऊ बी बहुतेक वेळा उगवत नाही. पक्व बी तपकिरी आणि चपटे असते, आणि बोटांमध्ये धरले तर त्याच्या मध्यभागी भरीवपणा जाणवतो.

ओळख पटवण्यासाठी संपूर्ण झाड उपटून दाबण्याची जुनी सवय येथे सोडून द्यावी. फुलासह एक लहान फांदी हर्बेरियमसाठी (वाळवून दाबलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) पुरते. फूल मांसल असल्यामुळे दाबल्यावर त्याचा घाट पूर्णपणे नाहीसा होतो, म्हणून एक-दोन फुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवावीत आणि ताज्या फुलाचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे. भारतीय जातींची पद्धतशीर मांडणी एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये केली असली, तरी त्यानंतर अनेक नव्या जातींची भर पडली आहे. त्यामुळे केवळ जुन्या तक्त्यावरून नाव ठरवू नये आणि शंका असल्यास नावापुढे प्रश्नचिन्ह तसेच राहू द्यावे. चुकीच्या नावापेक्षा प्रामाणिक प्रश्नचिन्ह उद्यानाच्या नोंदवहीत अधिक शोभते.

बी पेरणे

घाटावर बी नोव्हेंबरच्या सुमारास उडते आणि पुढच्या जूनपर्यंत कोरड्या गवतात, दगडांच्या फटींत पडून राहते. सात महिने वाट पाहण्याची त्याची तयारी असतेच, त्यामुळे आणल्याबरोबर घाईने पेरण्याची गरज नसते. हिवाळ्यात पेरलेले बी उगवते खरे, पण रोपाला कंद भरण्यासाठी हवा असलेला दमट काळ मिळत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते मरते. बी सावलीत आठवडाभर वाळवावे, झुबके हलक्या हाताने काढून टाकावेत (ते ओलावा धरतात आणि पेरणीत बुरशीला आमंत्रण देतात), आणि सिलिका जेलची पुडी टाकलेल्या हवाबंद बाटलीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. ज्या उद्यानांत बियाणे साठवणुकीची सोय आहे, तिथे १५ अंश सेल्सियस तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता हे वाळवण्याचे प्रचलित प्रमाण वापरावे.

पेरणी मे महिन्याच्या अखेरीस करावी. सर्व बी एकाच वर्षी पेरू नये. एक वाटा राखून ठेवला म्हणजे एखाद्या वर्षी रोपे गेली तरी पुन्हा डोंगर चढावा लागत नाही. पसरट ट्रेऐवजी किमान बोटभर खोल कप्प्यांचा ट्रे घ्यावा, कारण रोपाचे पहिले काम खाली कंद करणे हे असते. बी आडवे ठेवून त्यावर त्याच्याच जाडीइतका बारीक रेतीचा थर द्यावा. ताजे, नीट पिकलेले बी साधारणपणे आठ ते पंधरा दिवसांत वर येते. पहिल्या वर्षी रोप वीतभरही होत नाही, काही वेळा चार पानांवरच थांबते आणि सप्टेंबरमध्ये पिवळे पडते. ते मेले असे समजून कप्पा रिकामा केला जातो, आणि नेमके तिथेच वाटाण्याएवढा कंद मातीबरोबर खतखड्ड्यात जातो. पहिल्या दोन वर्षांत कोणतीही माती चाळल्याशिवाय टाकू नये.

वेलीच्या पेऱ्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) रोपे करता येतात आणि काही जातींमध्ये ती पद्धत उपयोगीही पडते. परंतु अशा रीतीने केलेली शंभर रोपे म्हणजे एकाच झाडाच्या शंभर प्रती असतात, हे नोंदवहीत स्पष्ट लिहिलेले असावे. प्रदर्शनासाठी त्या चालतील. जतनासाठी बियांपासून वाढलेली वीस वेगवेगळी झाडे अधिक मोलाची.

मिश्रण आणि कुंडी

सड्यावरील माती वीतभरच असते, पण तिच्याखालचा जांभा पाणी धरून ठेवत नाही. मुसळधार पावसातही खरपुडीचा कंद पाण्यात बुडालेला नसतो, कारण तो बहुधा उतारावर, दगडाच्या कडेला किंवा झुडपाच्या मुळांशी बसलेला असतो. उद्यानात याच रचनेची नक्कल करायची आहे. जांभ्याची तीन ते सहा मिलिमीटरची खडी दोन भाग, जाड रेती एक भाग आणि पूर्ण कुजलेल्या पालापाचोळ्याचे चाळलेले खत एक भाग, असे मिश्रण मी वापरतो. खडी फोडताना निघणारी लाल भुकटी मात्र चाळून काढावी. ती पहिल्या पावसात तळाशी बसते आणि निचऱ्याची छिद्रे सिमेंटसारखी बुजवते. शेणखत, विशेषतः अर्धवट कुजलेले, पूर्णपणे टाळावे. मिश्रण भरल्यावर कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे : ते वर साचून राहिले तर मिश्रण पुन्हा करावे.

कुंडी मातीची, बिनरंगवलेली, आठ ते दहा इंच तोंडाची आणि तितकीच खोल असावी. प्लास्टिकच्या कुंडीत कडेचा ओलावा फार काळ टिकतो. बोअरवेलचे पाणी जड असेल तर कुंडीच्या बाहेर पांढरे पापुद्रे दिसू लागतात. जांभ्यावरच्या जातींना तो क्षार मानवत नाही, म्हणून पागोळ्यांचे पाणी साठवून वापरावे. कंद लावताना त्याची वरची बाजू ओळखणे अवघड जाते. भिंगातून पाहिले तर गेल्या वर्षीच्या वेलीचा लहानसा वाळलेला व्रण एका उथळ खळग्यात दिसतो. तो वर यावा. व्रण सापडलाच नाही तर कंद कडेवर, उभा ठेवावा, कोंब स्वतःची वाट काढतो. वर दोन ते तीन इंच मिश्रण पुरेसे आहे.

पावसाळा

मृगाआधीच्या वळवाच्या सरींनी घाटावर कंद जागे होतात. उद्यानात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा हलके पाणी द्यावे आणि मग कोंब दिसेपर्यंत थांबावे. कोंब वर आला की नेहमीचे पाणी सुरू करावे. कोंब येण्याआधी रोज पाणी देऊन त्याला घाई करता येत नाही. उलट झोपेतला कंद ओल्या मातीत कुजतो.

वेली स्वभावाच्या जातींना, उदाहरणार्थ हिरसुटा, व्हिन्सिफोलिया, ऑक्युलाटा, हुबेरी यांना बारीक आधार लागतो. जाड बांबूच्या काठीला त्या नीट वेढे घालू शकत नाहीत. वाळलेल्या कारवीच्या किंवा झाडूच्या काड्या उत्तम. लॉई, जैनी, ॲटेन्युएटा यांसारख्या ताठ उभ्या वाढणाऱ्या जातींना आधार देण्याची गरज नसते, परंतु मैदानी भागातील उद्यानात कमी प्रकाशामुळे त्या लांबट होऊन आडव्या पडतात. कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या धुक्यात आणि वाऱ्यात वाढणारे झाड सखल भागातल्या बंदिस्त पॉलीहाउसमध्ये ठेवले की आठवडाभरात पानांवर ठिपके दिसू लागतात. मोकळ्यावर, ५० टक्क्यांहून कमी सावलीच्या शेडनेटखाली, वारा खेळता राहील अशा ठिकाणी कुंड्या ठेवाव्यात.

गवताबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. उद्यानातील शिस्त अशी की कुंडीत दुसरे काही उगवले की ते उपटायचे. खरपुडी मात्र गवताच्या संगतीत वाढणारी वनस्पती आहे : गवत तिला आधार देते, खोडाशी ओलावा राखते आणि चरणाऱ्या जनावरांपासून लपवतेही. मी प्रत्येक कुंडीत त्याच सड्यावरच्या गवताचे एक-दोन ठोंब राहू देतो आणि ते फार माजले तर कात्रीने वरून छाटतो, उपटत नाही. उपटताना कंद हलतो. शिवाय फूल येण्याआधी खरपुडीचे पान इतके साधे दिसते की, नवख्या माणसाच्या हाताने तण म्हणून तीच उपटली जाण्याची शक्यता अधिक असते. कोंब आल्याबरोबर त्याच्या शेजारी रंगवलेली काडी रोवून ठेवणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

किडींपैकी पिवळा मावा कोवळ्या शेंड्यावर दाटतो. तो पाण्याच्या बारीक फवाऱ्याने किंवा ओल्या कुंचल्याने काढावा. प्लेन टायगर या फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या एका रात्रीत संपूर्ण वेल फस्त करू शकतात. ही अळी रुईवरही आनंदाने जगते, म्हणून तिला उचलून जवळच्या रुईवर नेऊन सोडावे. कीटकनाशक फवारू नये, आणि त्याचे कारण पुढे येणाऱ्या परागीभवनात आहे.

फूल, माशी आणि सुई

बहुतेक जाती ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फुलतात. फुलाची नळी हा सापळा आहे. वासाने ओढल्या गेलेल्या, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान माश्या पाकळ्यांच्या पिंजऱ्यातून आत शिरतात, नळीच्या आतल्या बाजूला खालच्या दिशेने वळलेल्या ताठ केसांवरून घसरत बुडाशी पोहोचतात, आणि तेच केस त्यांना परत वर येऊ देत नाहीत. आत कोंडलेली माशी बुडाशी असलेल्या मुकुटाभोवती (मधल्या स्तंभाला वेढणाऱ्या कड्याभोवती) फिरते, तेव्हा तिच्या तोंडाच्या भागाला परागपुंजांची, म्हणजे परागकणांच्या घट्ट गोळ्यांची, जोडी चिकटते. एक-दोन दिवसांनी केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी सुटून दुसऱ्या फुलात जाते. तिथे तो परागपुंज नेमक्या चिरेत अडकला तरच शेंग धरते. ही सारी यंत्रणा इतकी नाजूक आहे की निसर्गातसुद्धा फुलांच्या मानाने शेंगा फारच थोड्या धरतात. उद्यानात तर योग्य माशी असेलच याची खात्री नसते.

माशी आहे की नाही हे तपासण्याचा मार्ग सरळ आहे. कलून मलूल झालेले एक फूल घेऊन ब्लेडने उभे चिरावे आणि दहापट भिंगाखाली पाहावे. बुडाच्या फुगवट्यात मेलेल्या किंवा जिवंत माश्या दिसतात का, आणि दिसल्या तर त्यांच्या तोंडाशी पिवळसर, मेणचट दाण्यांची जोडी लटकलेली आहे का, हे बघावे. सलग पाच-सहा फुलांत काहीच आढळले नाही तर हाताने परागीभवन करावे लागेल.

त्यासाठी लागते ती कीटक टोचण्याची सर्वांत बारीक टाचणी, चांगले भिंग किंवा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, आणि कॉफी न प्यायलेला हात. ज्या झाडाचा पराग घ्यायचा, त्याचे ताजे उमललेले फूल तोडून त्याची नळी उभी चिरून उघडावी. बुडाशी मुकुट दिसतो; त्याच्या मधोमध असलेल्या स्तंभावर, दोन परागकोशांच्या मध्ये, गडद तपकिरी रंगाचा सूक्ष्म ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे दोन परागपुंजांना जोडणारी चिमटी. टाचणीचे टोक तिच्या खालच्या फटीत अलगद अडकवून वर ओढले की दोन्ही पुंज एकत्र निघतात. आता ज्या झाडावर शेंग हवी, त्याच्या फुलाच्या बुडाजवळ नळीला एका बाजूने लहान खिडकी कापावी. फूल झाडावरच राहू द्यावे. परागकोशांच्या जोडीमध्ये, त्या तपकिरी ठिपक्याच्या बरोबर खाली, एक उभी चीर असते. पुंजाची पारदर्शक दिसणारी कडा आधी जाईल अशा रीतीने तो त्या चिरेत सरकवावा. नीट बसला तर किंचित अडकल्यासारखे जाणवते. नुसता वर चिकटून राहिला तर उपयोग नाही. पहिले वीस प्रयत्न वाया जातील हे गृहीत धरून सराव हिरसुटासारख्या सहज मिळणाऱ्या जातीच्या फुलांवर करावा.

पराग शक्यतो दुसऱ्या झाडाचाच घ्यावा, कारण या कुळातील अनेक वनस्पतींमध्ये स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दुसरे झाड म्हणजे त्याच ठिकाणचे, पण वेगळ्या मातेच्या बियांपासून वाढलेले. बियांची पाकिटे वेगळी ठेवण्याचा आग्रह यासाठीच होता. परागीभवन केलेल्या देठाला रंगीत दोरा बांधून त्याच दिवशी नोंद करावी : तारीख, माता, पिता. संध्याकाळी लिहू असे म्हटले की दोन दोऱ्यांची अदलाबदल झालीच. देठ चार-पाच दिवसांत पिवळा पडून गळला नाही तर आशा धरावी. ऑगस्ट-सप्टेंबरच्या फुलांच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतात.

रिकामी दिसणारी कुंडी

हस्ताचा पाऊस सरला की पाने पिवळी पडू लागतात. यावेळी पाणी एकदम तोडू नये. दोन पाण्यांमधील अंतर तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यावे, कारण शेंगा अजून भरत असतात आणि वेलीतील अन्न कंदात उतरत असते. वेल पूर्ण वाळून हाताला आपोआप सुटेपर्यंत कापू नये. परतीचा पाऊस रेंगाळला तर कुंड्या छपराखाली हलवाव्यात. त्यानंतर मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पाणी बंद.

माझ्या पाहण्यातील सर्वाधिक कंद याच काळात गेले आहेत, आणि ते दुर्लक्षाने नव्हे तर मायेने. एका उद्यानात, जिथे मी काही वर्षे काम केले, एप्रिलमध्ये नवा मदतनीस रुजू झाला. कोरड्या ठणठणीत कुंड्यांची रांग पाहून त्याला वाईट वाटले आणि तो रोज संध्याकाळी पाइपने त्यांना पाणी घालू लागला. त्याला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे दोष आमचाच. जून अर्धा सरला तरी एकही कोंब दिसेना, तेव्हा कुंड्या उपड्या केल्या. कंदाची साल शाबूत होती, आकारही तोच. पण बोटाने दाबताच साल फुटली आणि आतून सडक्या बटाट्याच्या वासाचे पाणी आले. अकरा कुंड्यांपैकी नऊ तशाच निघाल्या. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरील नावे मात्र अगदी स्वच्छ वाचता येत होती. तेव्हापासून विश्रांतीतील प्रत्येक कुंडीवर मी लाल पट्टी बांधतो आणि त्या कुंड्या नळाची नळी पोहोचत नाही अशा जागी ठेवतो. सूचनाफलकापेक्षा नळीची लांबी अधिक भरवशाची.

कंद काढून कोरड्या रेतीत साठवण्याची पद्धतही आहे, परंतु मी कुंडीतच ठेवणे पसंत करतो. हाताळणी कमी होते आणि नावाची पट्टी कंदापासून वेगळी पडत नाही. दोन वर्षांतून एकदा, फेब्रुवारीत, मिश्रण बदलताना कंद तपासावा. थोडा सुरकुतलेला कंद चालतो, मऊ कंद चालत नाही. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकणाची लागण समजावी आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने पुसून कंद दोन दिवस सावलीत सुकवावा. कुजलेला भाग लहान असेल तर निर्जंतुक चाकूने निरोगी, कोरड्या गरापर्यंत कापून टाकावा, जखमेवर ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची भुकटी लावावी आणि ती पूर्ण सुकल्यावरच पुन्हा लावावा. उंदीर आणि घुशी यांना हा कंद माणसाइतकाच आवडतो, म्हणून कुंड्यांवर बारीक जाळी घट्ट बसवावी. बाहेरच्या वाफ्यांसाठी साळिंदर आणि रानडुकरांचा विचार करून जाळी जमिनीतही फूटभर उतरवावी.

नोंद आणि सरमिसळ

प्रत्येक कुंडीला एक क्रमांक असावा आणि तो क्रमांक पट्टीवर कोरलेला असावा, शाईने लिहिलेला नव्हे. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे संकलनाची तारीख, ठिकाण, उंची, उताराची दिशा, सोबतच्या वनस्पती, मातृवृक्ष म्हणून मोजलेल्या झाडाचा क्रमांक आणि परवानगीपत्राचा संदर्भ असावा. अचूक ठिकाण हे अंतर्गत माहिती म्हणून राखावे. प्रदर्शनाच्या फलकावर तालुका लिहिणे पुरेसे आहे, आणि छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांतील स्थानमाहिती काढून टाकावी; दुर्मीळ फुलाचा पत्ता जाहीर झाला की पुढच्या रविवारी तिथले गवत तुडवलेले आढळते.

दोन डोंगरांवरची एकाच जातीची झाडे परस्परांत मिसळू देऊ नयेत, आणि जवळच्या दोन जाती तर कधीच शेजारी फुलू देऊ नयेत. माश्या येत असतील तर फुलोऱ्यावर जाळीची पिशवी घालावी. उद्यानात तयार झालेल्या संकरित बियांची रोपे दिसायला सुंदर असली, तरी डोंगरावर परत नेण्यास ती पूर्णपणे निरुपयोगी ठरतात, आणि एकदा नोंद बिघडली की कोणती कुंडी शुद्ध आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

डोंगरावर परत

पुनर्लागवड वन विभागाच्या संमतीने आणि मूळ ठिकाणाजवळच करावी. उद्यानातील माती बरोबर नेऊ नये. कंद विश्रांतीत असताना धुऊन, सुकवून न्यावेत, म्हणजे उद्यानातील सूत्रकृमी (मातीतील सूक्ष्म कृमी) आणि बुरशी डोंगरावर पोहोचत नाहीत. लावण्याची वेळ मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. जागा निवडताना गुरांच्या वाटेपासून दूर, काटेरी झुडपाच्या बुंध्याशी किंवा जांभ्याच्या फटीत, जिथे पाणी थांबत नाही अशी पाहावी. प्रत्येक कंदाजवळ क्रमांकाची धातूची खूण जमिनीसपाट पुरावी, वर उंच काठी रोवू नये. काठी दिसली की खणणारा हातही येतो. पहिल्या पावसाळ्यात कोंब दिसला नाही म्हणून खणून पाहू नये, कारण एखादा पावसाळा कंद जमिनीखालीच काढू शकतो. खुणा जागेवरच राहू द्याव्यात आणि किमान तीन पावसाळे, दरवर्षी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, त्याच क्रमांकांनिशी मोजणी करावी.